आठव्या गुणानंतरचे मिनिट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी खेळाडूंकडून जी माहिती मागवण्यात आली, तिच्यात स्पर्धा, वर्ष आणि मिळालेले पदक असे तीनच रकाने होते. मी ते भरून पाठवले. ते वाचणाऱ्याचा समज असा होईल की, आपल्या शाळेतून बाहेर पडलेली एक मुलगी महाविद्यालयात गेली, तलवारबाजीतील सेबर या प्रकारात खेळू लागली आणि दरवर्षी काही ना काही जिंकतच गेली. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्या लढतींनी मला घडवले, त्यांतील बहुतेक लढतींना त्या रकान्यांत जागाच नव्हती. म्हणून समितीच्या परवानगीने हा हिशेब जरा विस्ताराने मांडते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आधी द्यायला हवी, कारण नाशिकसारख्या ठिकाणी, जिथे तलवारबाजीचे खेळाडू कमी नाहीत, तिथेही ‘म्हणजे ढाल-तलवार का?’ हा प्रश्न मला अजून विचारला जातो. या खेळात फॉइल, इपी आणि सेबर अशी तीन शस्त्रे असतात. पहिल्या दोन्हींत केवळ टोकाचा स्पर्श मोजला जातो. सेबरमध्ये पात्याने केलेला वारही चालतो, आणि पंजे वगळता कमरेच्या वरचे सारे शरीर, डोक्यासकट, लक्ष्य मानले जाते. शस्त्राचे वजन पाचशे ग्रॅमच्या आत असते. चौदा मीटर लांबीच्या पट्टीवर, जिला सगळे पिस्ट म्हणतात, दोघी खेळाडू एकमेकींपासून चार मीटरवर उभ्या राहतात, पंच ‘प्ले’ म्हणतात आणि पुष्कळदा एक-दोन सेकंदांतच वार लागल्याचा, गुणयंत्रावरचा दिवा लागतो. दोन्ही दिवे लागले, तर हल्ल्याचा हक्क कोणाचा होता, म्हणजे हल्ला आधी कोणी सुरू केला, हे पंच ठरवतात. दोघींनी एकाच क्षणी हल्ला केला असेल तर गुण कोणालाच नाही आणि पुन्हा पहिल्या रेषेवर. हक्काचा हा निवाडाच सेबरचा प्राण आहे, आणि प्रेक्षकांना हा खेळ कळत नाही तोही याच निवाड्यामुळे.

मी आठवीत असताना आपल्या क्रीडाशिक्षक सरांनी तलवारबाजीचा वर्ग सुरू केला. शाळेजवळ विजेवर चालणारे गुणयंत्र तर नव्हतेच, पण पुरेशा तलवारीही नव्हत्या. म्हणून पदन्यास शिकताना आम्ही बांबूच्या छड्या धरत असू आणि सभागृहातील शहाबादी फरशीच्या सांध्याची सरळ रेघ हीच आमची पिस्ट असे. चेन्नईच्या सेबर खेळाडू भवानी देवी यांनीही शाळेत बांबूच्या काठ्यांनीच सुरुवात केली होती, हे पुढे वाचनात आले तेव्हा मला फार बरे वाटले. मी डावखुरी. सेबरच्या मुठीवरचे कवच दोन्ही बाजूंनी सारखे नसते. हाताच्या बाहेरच्या अंगाला ते अधिक फुगीर असते आणि म्हणून डाव्या हाताचे कवच वेगळे घ्यावे लागते. शाळेतील सगळी कवचे उजव्या हाताची होती. ‘हात बदलून बघ’ असे दुसऱ्या कोणी सहज सांगितले असते. सरांनी तसे एकदाही सुचवले नाही आणि डाव्या हाताचे कवच मागवून घेतले. माझ्या कारकिर्दीत त्यानंतर जे काही झाले, त्याला मी या एका निर्णयाइतके श्रेय दुसऱ्या कशालाच देणार नाही. समोरच्या खेळाडूंना डावखुऱ्यांशी खेळण्याचा सराव कमी असतो, आणि त्याचा लाभ मला अखेरपर्यंत मिळत गेला.

आईचा मात्र विरोध होता. तिच्या कानावर कुठून तरी आले होते की या खेळात माणूस मेलेला आहे. ते खरेच होते. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाचे व्लादिमीर स्मिर्नोव्ह यांच्या मास्कमधून प्रतिस्पर्ध्याचे तुटलेले पाते आत गेले आणि त्यात त्यांचा अंत झाला. सरांनी ही हकिगत आईपासून लपवली नाही. उलट, त्या घटनेनंतर मास्कची जाळी, पात्याचे पोलाद आणि कपड्यांचे कापड यांचे नियम किती कडक झाले, हे त्यांनी घरी येऊन, शाळेतला मास्क तिच्या हातात देऊन समजावले. आईने जाळी अंगठ्याने दाबून पाहिली आणि संमती दिली.

शालेय स्पर्धांचे फार सांगण्यासारखे नाही. जिल्ह्यात आणि विभागात जिंकत होते, राज्य पातळीवर उपांत्यपूर्व फेरीच्या आसपास अडत होते, आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धेत एकदा संघात निवड झाली तेव्हा बाद फेरीच्या पहिल्याच लढतीत परत आले. पंजाब, हरियाणा आणि मणिपूरच्या मुली आपल्याहून किती निराळ्या वेगाने खेळतात, हे तिथे प्रथम पाहिले.

२०१४ साली मी गंगापूर रस्त्यावरील एका महाविद्यालयात पदवीसाठी दाखल झाले. नाशिकची महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. त्याच वर्षी विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. आधी नाशिक विभागातील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मग आंतरविभागीय स्पर्धा, तिच्यातून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा अशी ही चढण असते. सकाळी तासिका आणि संध्याकाळी पंचवटीतील विभागीय क्रीडा संकुलात सराव असा दिनक्रम पाच वर्षे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण संपेपर्यंत चालला. उत्तरेकडच्या स्पर्धांना नाशिकरोडहून रेल्वेने जात असू. लांबट किटबॅग पाहून फलाटावरचा पोलीस ‘यात काय आहे?’ असे विचारी आणि ‘तलवारी’ हे खरे उत्तर दिल्यास गाडी सुटण्याची वेळ येईपर्यंत खुलासे करावे लागत. म्हणून विद्यापीठाचे पत्र आम्ही बॅगेत सर्वांत वर ठेवत असू.

पहिल्या दोन वर्षांत माझा सगळा खेळ एकाच डावपेचावर उभा होता. प्रतिस्पर्धी हल्ल्यासाठी हात उचलू लागली की मागे सरकता सरकता तिच्या मनगटाच्या वरच्या भागावर झटकन वार करायचा आणि अंतर वाढवून निसटायचे. हक्क तिचा असला तरी तिचा वार वेळेत पोहोचला नाही तर तिचा दिवा लागतच नसे. या जोरावर विभागात सुवर्ण आणि आंतरविभागीय स्पर्धेत आधी रौप्य व दुसऱ्या वर्षी सुवर्ण मिळाले. अखिल भारतीय स्पर्धेत पहिल्या वर्षी गटसाखळीतच संपले. दुसऱ्या वर्षी अखेरच्या सोळांत पोहोचून १३–१५ अशी हरले.

मग नियम बदलला. तोपर्यंत एकीचा वार लागल्यापासून १२० मिलिसेकंदांच्या आत दुसरीचा लागला तरच दुसरा दिवा पेटे. रिओ ऑलिंपिकनंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने ही मर्यादा १७० मिलिसेकंद केली, आणि काही काळाने आपल्याकडील यंत्रेही तशी लावली गेली. पन्नास मिलिसेकंद म्हणजे पापणी लवायलाही पुरत नाहीत. पण माझा खेळ नेमका त्याच फटीत राहत होता. आता माझ्या मनगटावरच्या वारानंतरही हल्ला करणारीचा दिवा लागू लागला, दोन्ही दिवे लागले की हक्क तिचा, आणि गुणही तिचा. तिसऱ्या वर्षी अखेरच्या बत्तीसांतच मी बाद झाले. हा बदल अन्यायाचा होता असे मी तेव्हा सर्वांना सांगत असे. आज पंच म्हणून उभी राहते तेव्हा तो योग्यच होता असे मला वाटते, कारण वार अडवून उलट वार करणाऱ्या खेळाडूला त्याने पुरेसा वेळ दिला. पूर्वी अडवलेली खेळाडू तसाच पुन्हा हात मारून उलट वाराचा दिवा बंद पाडू शकत असे.

त्यामुळे पदव्युत्तर वर्गात गेल्यावर मी बचाव नव्याने शिकले. डोक्यावरचा वार अडवून बगलेखाली किंवा गालावर उलट वार, हाच धडा संध्याकाळमागून संध्याकाळ. त्याहून अवघड होते ते काहीही न अडवता केवळ अर्धे पाऊल मागे जाऊन समोरचीचा लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून केलेला वार, तोकडा पाडणे आणि ती सावरण्याच्या आत हल्ल्याचा हक्क आपल्याकडे घेणे. यात हाताला काम जवळजवळ नाहीच. सगळे पायांचे आणि संयमाचे. सेबरमध्ये पुढे जाताना मागचा पाय पुढच्या पायाच्या पुढे टाकायला मनाई आहे, म्हणून तोकडा पडलेला लंज धावून सावरता येत नाही, आणि तिथे समोरची खेळाडू क्षणभर उघडी सापडते.

आता त्या मिनिटाविषयी. बाद फेरीची लढत पंधरा गुणांची असते. इतर दोन शस्त्रांत तीन-तीन मिनिटांचे टप्पे असतात आणि मध्ये विश्रांती. सेबरमध्ये मात्र गुण इतक्या वेगाने होतात की घड्याळाला अर्थ उरत नाही, म्हणून दोघींपैकी एकीचे आठ गुण झाले की एक मिनिट खेळ थांबतो. मास्क काढायचा, पाणी प्यायचे आणि प्रशिक्षकांचे ऐकायचे. माझ्या सर्व महत्त्वाच्या लढती वहीत लिहून ठेवण्याची मला सवय होती, आणि एकदा ती चाळताना ध्यानात आले की पहिल्या टप्प्यात मी बहुधा मागे असते आणि दुसऱ्या टप्प्यात माझे गुण समोरचीपेक्षा अधिक असतात. जिथे मी हरले होते, तिथेही बव्हंशी हेच घडले होते. विद्यापीठाच्या प्रशिक्षकांना मी ते दाखवले. त्यांनी वही परत दिली आणि म्हणाले, ‘तुला समोरची कळायला आठ गुण लागतात. ते पाचावर आण.’

ते पाचावर आणण्याच्या खटपटीतच पुढची अखिल भारतीय स्पर्धा आली. उपांत्यपूर्व फेरीत पंजाबमधील एका विद्यापीठाच्या खेळाडूशी १४–१४ अशी बरोबरी झाली, शेवटच्या गुणाला दोन्ही दिवे लागले आणि पंचांनी हल्ला तिचा ठरवला. लढत संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला आणि पंचांना मास्क काढून सलामी देणे या खेळात बंधनकारक आहे. न दिल्यास दंड होतो. त्या दिवशी ती सलामी मला फार जड गेली. चित्रफितीत मी तो गुण नंतर पुष्कळदा पाहिला. तिचा पाय आधी निघाला होता, निवाडा बरोबर होता.

शेवटच्या वर्षी पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, या वेळी समोर मणिपूरची उंचीने लहान पण विलक्षण चपळ खेळाडू. विश्रांतीला मी ५–८ अशी मागे होते. विद्यापीठाच्या प्रशिक्षक सरांनी त्या मिनिटात एकच गोष्ट सांगितली: ती तिसऱ्या पावलावर लंज मारते, दुसऱ्या पावलावर थांब. पाणी पिऊन उरलेला वेळ मी तिच्या पायांकडे पाहत उभी राहिले. पुढचे चार गुण मला मिळाले, आणि चारही तिच्या तोकड्या पडलेल्या लंजवर. तिने मग थांबायला सुरुवात केली तेव्हा मी हल्ले सुरू केले. १५–१३ अशी ती लढत मी जिंकले. उपांत्य फेरीत ९–१५ असा सपशेल पराभव झाला, पण तलवारबाजीच्या बहुतेक स्पर्धांत उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींना कांस्य मिळते. रकान्यातले ‘वैयक्तिक कांस्य’ ते हे. त्याच स्पर्धेतील सांघिक कांस्याचे मोल मला अधिक वाटते. सांघिक लढत पंचेचाळीस गुणांची आणि नऊ टप्प्यांची असते, प्रत्येकीने समोरच्या तिघींशी एकेकदा खेळायचे आणि आधीच्या सहकारिणीने सोडलेल्या गुणसंख्येवरून पुढे जायचे. मागे पडलेली गुणसंख्या भरून काढण्याची मला सवय आहे हे ओळखून सरांनी मला बहुतेक वेळा आठवा टप्पा दिला, आणि शेवटच्या टप्प्यावर आमची सर्वांत शांत मुलगी ठेवली.

पुढे नोकरी लागली आणि स्पर्धा थांबल्या. २६ जुलै २०२१ रोजी पहाटे टोकियोहून होणारे प्रक्षेपण मी घरातल्यांना उठवून पाहिले. ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी अगदी १८९६ पासून आहे, महिलांचे सेबर २००४ साली आले, आणि भारताची पहिली तलवारबाज तिथे उतरली ती सेबरचीच. भवानी देवींनी ट्युनिशियाच्या नादिया बेन अझीझी यांना १५–३ असे हरवले आणि फ्रान्सच्या मानों ब्रुने यांच्याकडून त्या ७–१५ अशा हरल्या. दोन वर्षांनी चीनमधील वूशी येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी जपानच्या विश्वविजेत्या मिसाकी एमुरा यांना हरवून कांस्य मिळवले. ज्यांच्याकडे त्यांनी केरळमधील थलसेरीच्या क्रीडा प्रशिक्षण केंद्रात धडे घेतले ते सागर लागू मराठी आहेत, हे नाशिकच्या मैदानावर आम्ही एकमेकींना अभिमानाने सांगत असतो.

आता सुट्टीच्या दिवशी जिल्हा स्पर्धांत मी पंच म्हणून उभी राहते. गेल्या हंगामात आपल्या शाळेच्या दोन मुली खेळताना पाहिल्या. त्यांतली एक डावखुरी आहे आणि उजव्या हाताच्या कवचाने खेळते आहे. मुख्याध्यापिकाबाईंशी माझे बोलणे झाले आहे. डाव्या हाताची दोन कवचे मी पाठवत आहे. सभागृहाची लांबी मोजून पाहिली, तर मंचासमोरच्या खुर्च्या हलवल्यास चौदा मीटरची पट्टी तिथे बसते, आणि मागे पाऊल टाकायला दोन्ही टोकांना जागाही उरते. जुन्या गुणयंत्राची व्यवस्था माजी विद्यार्थी संघाने करावी, अशी विनंती या लेखाच्या निमित्ताने करते. ते घेताना यंत्र १७० मिलिसेकंदांचे आहे ना, एवढे तपासून घ्यावे.