भरतीची वेळ आणि चिकूची झोप

कर्नाळ्याला पहिल्यांदा चौघं गेलो तेव्हा गाडीच्या डिकीत जेवढं सामान होतं, तेवढ्यात एक साखरपुडा पार पडला असता. स्ट्रोलर, पाण्याच्या सहा बाटल्या, खेळण्यांची पिशवी, आणि विजेवर चालणारा स्टरिलायझर. तो जंगलात कुठे लावणार होतो, देव जाणे. चिकू तेव्हा आठ महिन्यांची, दादा साडेचार वर्षांचा.

थोडं आत गेल्यावर वाट दगडगोट्यांची झाली आणि स्ट्रोलरचं चाक एका मुळाशी जे अडकलं ते अडकलंच. मग स्ट्रोलर नवऱ्याच्या डोक्यावर, चिकू माझ्या कडेवर. दादाच्या हातातलं केळं माकडाने नेलं, त्याचा सूर वेगळाच. पाऊण तासात आम्ही परत गाडीपाशी. लग्नाआधी तीनदा चढलेल्या कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका मी पार्किंगमधून बघितला.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी हिच्या आत्याला पाठीशी बांधून खुरपणी केलीय. तुमची ती गाडी बांधावर चालते का गं?" आणि कपाटातून जुनं लुगडं काढून दिलं.

लुगड्याची गाठ मला शेवटपर्यंत नीट जमली नाही, खोटं कशाला बोलू. मी बकलवाला कॅरिअर घेतला. पण त्यात बघायचं तेच, जे त्यांनी लुगड्यात दाखवलं होतं: पाय बेडकासारखे फाकलेले, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर, तोंड कायम दिसतंय, हनुवटी छातीत रुतलेली नाही. मान खाली पडली की बाळाचा श्वास कोंडू शकतो, म्हणून चालताना दर थोड्या वेळाने खाली बघायचंच. लुगडं मात्र आजही पिशवीत असतं. अंथरायला, ऊन अडवायला, दूध पाजताना आडोशाला.

पुढची सहल ऐरोलीची, रोहित बघायला. मी फ्लेमिंगो म्हणते, सासूबाई रोहित. या वेळी गाडी नाहीच काढली, कारण कार सीटमध्ये चिकू तार सप्तकात जाते. आम्ही ठाण्याचे, आणि वाशीची लोकल इथूनच सुटते, त्यामुळे रविवारी सकाळी खिडकी मिळते. पाच वर्षांखाली तिकीट नाही. ऐरोलीला उतरून पुढे रिक्षा.

तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत बोट जाते. तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून रोज वेगळी. पाणी कमी असलं तर बोट निघत नाही, आणि फार चढलं तर रोहितांचं चिखलातलं ताट बुडतं, मग ते दुसरीकडे जाऊन बसतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आमच्या चिकूची झोपही तशीच सरकते, फक्त तिचं वेळापत्रक कुठे छापून येत नाही. आधी मी ठिकाण ठरवायचे आणि मुलांना त्यात कोंबायचे. या वेळी उलट केलं. चिकूची पहिली झोप साडेनऊची, म्हणून तिच्या आसपासची बोट असलेला रविवार मिळेपर्यंत दोन आठवडे थांबलो.

पिशवी एकच. चार डायपर, कपड्यांचा एक जोड, मऊ भात-तूप, गरम पाण्याचा थर्मास, दादाला चुरमुरे आणि बिस्किटं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर भातही नको, दूध पुरतं. खारफुटीत डास असतात म्हणून दोघांना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे.

चिकूला बोटीत नेलं नाही. इतक्या लहान बाळाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळण्याच्या भरवशावर मी राहणार नव्हते. बापलेक बोटीत गेले, मी सावलीत लुगडं अंथरलं. ती झोपली. तासभर मी नुसती बसून राहिले, हे साडेचार वर्षांत पहिल्यांदा.

नवऱ्याने फोटो भरपूर आणले. त्यात काही पक्षी करड्या रंगाचे होते. ती पिल्लं, शेवाळ आणि बारीक कोळंबी खाऊन खाऊन पुढे गुलाबी होतात, असं मी दादाला सांगितलं. तेव्हापासून कोळंबी बघितली की तो आधी स्वतःचे हात बघतो.

घरी आल्यावर आजीने विचारलं, "काय बघितलंस रे?"

"बोटीत बिस्किट खाल्लं."

"आणि रोहित?"

"ते पण होते."