टीव्हीचा अर्ज आणि देवळाच्या पायऱ्या

गोव्यातील एका विश्वस्त संस्थेत मी ज्येष्ठांसाठीच्या लहान अनुदानांचे काम पाहते. वाड्यातल्या, म्हणजे गावातल्या एकेका वस्तीतल्या, लोकांनी अर्ज करायचा, रक्कम पन्नास हजारांच्या आत मागायची आणि काम काही महिन्यांत पुरे करून दाखवायचे, असे योजनेचे स्वरूप आहे. कल्पना मूळची आमची नव्हे. अमेरिकेतील एएआरपी ही ज्येष्ठांची संस्था २०१७ पासून अशाच लहान आणि लवकर उरकणाऱ्या कामांना अनुदान देत आली आहे. तिच्याकडून आम्ही घेतली ती मुख्यतः मुदतीची शिस्त. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के होते, तर गोव्यात ११ टक्क्यांहून अधिक. त्यामुळे आमच्याकडे अर्जांचा तुटवडा कधीच नसतो. बहुतेक अर्ज मात्र ज्येष्ठांनी लिहिलेले नसतात, आणि श्रावणात डिचोली तालुक्यातील ज्या गावी मी पाहणीला गेले तिथला अर्जही त्याला अपवाद नव्हता.

अर्ज नेटका होता. देवळाच्या अग्रशाळेतील (आवारातल्या धर्मशाळेसारख्या इमारतीतील) एका खोलीत विरंगुळा केंद्र, त्यात टीव्ही, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कपाट आणि बाहेर नामफलक. (फलकाची मापे कपाटाच्या मापांपेक्षा जास्त तपशिलाने दिली होती.) लिहिणारा तरुण पंच, म्हणजे ग्रामपंचायतीचा सदस्य, मनापासून धडपडणारा होता, त्याच्या हेतूविषयी मला शंका नव्हती. मी त्याला एवढेच सांगितले की, खोली नंतर पाहू. आधी वरच्या वाड्यातल्या तीन-चार वडीलधाऱ्यांना बोलवा आणि ते घरून इथवर कसे येतात ते मला त्यांच्याबरोबर चालून पाहू द्या.

वरच्या वाड्यातून देवळाकडे उतरायला चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जुन्या पायऱ्या आहेत. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती आणि चिऱ्यावर हिरवे शेवाळ तकाकत होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी पुढे निघाल्या. पहिल्या पायरीपाशी त्यांनी चपला काढून पिशवीत टाकल्या, कारण अनवाणी पायाला निसरडे आधी कळते. मिटलेली छत्री उजव्या हातात काठीसारखी धरून आणि डावा तळवा कडेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणभिंतीवर, टेकवून त्या अंग तिरके करून उतरू लागल्या; दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी घेत नव्हत्या. अर्ध्या वाटेवर गडगा ढासळलेला होता. तिथे त्यांचा हात हवेत चाचपडला आणि त्या थांबल्या. पंच धावत खाली गेला आणि त्याने त्यांचा दंड धरला. मी टेप काढून पायऱ्या मोजल्या. केंद्र सरकारच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पायरीची उंची १५ सेंटीमीटरच्या आत हवी. इथे एक पायरी १२ सेंटीमीटरची, तर तिच्या खालची २१. उंच पायरीपेक्षाही असा फरक घातक असतो, कारण पाऊल आधीच्या पायरीच्या अंदाजाने पडते.

खाली पोचल्यावर पंचाने आजींना टीव्हीविषयी विचारले. त्या म्हणाल्या, “टीव्ही घरात आहे रे बाबा. सून लावून देते. भजनाला यायला मिळत नाही, ते बघ.” मग माझ्याकडे वळून, “बाय, पावसाचे चार महिने मी देवाला घरातूनच हात जोडते.”

बरोबरचे एक निवृत्त मास्तर मात्र पायऱ्यांबद्दल बोलेनात. त्यांचा मुद्दा दिव्याचा होता. वळणावरचा खांब फणसाच्या फांद्यांत गडप झाल्यामुळे तिन्हीसांजेनंतर ते घराबाहेर पडत नाहीत, असे त्यांनी सांगितले. फांद्या छाटायला अनुदान लागत नाही; झाडाच्या मालकाला विचारून वीज खात्याकडे लेखी कळवले की काम होते, आणि तो अर्ज मास्तरांनी तिथेच, अत्यंत वळणदार अक्षरात लिहून काढला.

खरा वेळ गेला तो परवानगीत. पायऱ्या देवस्थानच्या, गडग्यापलीकडचे भाट (बागायत) खाजगी आणि खालची वाट पंचायतीची. गोव्यात पन्नास हजारांचे काम अडते ते पैशांपायी नव्हे, जमीन कोणाची या प्रश्नापायी, हे मी पुन:पुन्हा पाहिले आहे. त्या दिवशी मात्र देवस्थान समितीचे अध्यक्ष अग्रशाळेतच भेटले. त्यांनी पायऱ्यांना हात लावू देण्याचे पत्र दिले. अट एकच, की जुना चिरा काढून त्या जागी गुळगुळीत फरशी बसवायची नाही. ती अट आम्हालाही हवीच होती.

दुपारी अग्रशाळेच्या ओट्यावर बसून अर्ज नव्याने लिहिला गेला. कठडा जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपचा, सुमारे ९० सेंटीमीटर उंचीचा, शेवटच्या पायरीच्या पुढेही हातभर जाणारा. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा, कारण मोतीबिंदूच्या डोळ्यांना ओल्या चिऱ्यावर कड दिसत नाही. कमी-जास्त पायऱ्यांची डागडुजी. मधल्या सपाटीवर हात टेकायला दांडे असलेले एक बाक; गावोगावी नावे कोरून बसवलेल्या ग्रॅनाइटच्या बाकांना दांडे नसतात आणि गुडघे दुखणारा माणूस त्यांच्यावरून आधाराशिवाय उठू शकत नाही. नामफलक गळला. पंच थोडा हिरमुसला, पण दरपत्रक आणायला संध्याकाळी वेल्डरकडे तोच गेला.

चतुर्थीपूर्वी कठडा उभा राहिला. शेवाळ मात्र दर पावसात येणारच, आणि ते घासून काढण्याचा खर्च आमच्या नियमांत बसत नाही. सध्या भजनी मंडळातील मुले आळीपाळीने ते काम करतात. देखभालीसाठी दरवर्षी थोडी रक्कम राखून ठेवावी, असा प्रस्ताव मी विश्वस्तांपुढे मांडला आहे. त्यावर निर्णय व्हायचा आहे.