तुम्ही विचारलंत म्हणून: बँकेत पायी आणि सायकल भलतीकडेच

प्रश्न साधारण असा असतो: "साहेब, बँक तुमच्या घरापासून हाकेवर. मग सकाळी सकाळी सायकल घेऊन वसमत रोडनं कुठं जायलाव? अन् बँकेत मात्र पायी कामून येता?"

विचारणाऱ्यांत शेजारी आहेत, खातेदार आहेत, चहाच्या गाड्यावरचे दादा आहेत, दिवाळीत सासुरवाडीला गेलो की मेव्हणेही आहेत. आजवर मी "व्यायाम हो, दुसरं काय" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर जरा विचित्र आहे. माझी बँक सायकलवर जाण्यासाठी फारच जवळ आहे.

"जवळ आहे म्हणून तर सायकल!" असं लगेच ऐकू येतं. पण नऊशे मीटर अंतरात काय होतं ते बघा. जिन्याखालून सायकल काढायची. त्याआधी घरमालकांची स्कूटी सरकवायची. मागच्या चाकातली हवा अंगठ्यानं दाबून बघायची, पँटचा पायचा दुमडून मोज्यात खोचायचा. मग दोन स्पीडब्रेकर, एक चौक, चौकात तिरके उभे असलेले ऑटो, आणि आली बँक. ताशी पंधराच्या रमतगमत वेगानंही चार मिनिटं लागत नाहीत. तिथं मोटारसायकलींच्या गर्दीत सायकल कोंबायची आणि दुपारी कुणीतरी आपली गाडी काढताना ती आडवी पाडणार, हे गृहीत धरायचं. मे महिन्यात पारा ४४ च्या पुढं गेला की संध्याकाळी त्या सीटवर कसं बसायचं, हा वेगळाच विषय.

एवढं करून पायांना काय मिळतं? सायकलवाल्याला माहीत असतं, पहिले तीन-चार किलोमीटर आपले नसतातच. श्वास एकीकडे पळतो, पाय दुसरीकडे, गुडघा कुरकुरतो. मग कुठंतरी, नेमकं कुठं ते कळत नाही, श्वास आणि पायडल एका चालीत येतात आणि त्यापुढं सायकल आपली आपण चालते. नऊशे मीटरवर उतरायचं म्हणजे आंघोळीला बसून दोन तांबे अंगावर घेऊन उठायचं. त्यापेक्षा चालत गेलेलं बरं. चालताना निदान पेपरवाल्याशी दोन शब्द होतात.

हे खूळ माझ्या डोक्यात आलं ते पिंगळीमुळे. पिंगळी म्हणजे परभणीहून पूर्णेकडे निघालं की लागणारं पहिलं स्टेशन. नोकरीची सुरुवातीची काही वर्षं मी तिथं होतो. अंतर दहा-बारा किलोमीटर, म्हणजे सायकलवर पाऊण तास धरा. तेव्हा सायकल घेतली ती हौसेनं नाही. मोटारसायकलचे हप्ते परवडत नव्हते आणि ऑटोत कोंबून जायचा कंटाळा होता, म्हणून घेतली. सहा महिन्यांत तीच गोष्ट दिवसातली सगळ्यात चांगली वाटायला लागली.

त्या पाऊण तासात बरंच काही मार्गी लागायचं. घरी सकाळी गॅस सिलिंडरवरून वाजलेलं असलं तर शहर मागं पडेपर्यंत मी मनातल्या मनात भांडत असायचो. तूर सुरू झाली की आवाज खाली यायचा. पिंगळीत पोचेपर्यंत भांडणात आपली बाजू किती लंगडी होती हे कळलेलं असायचं, आणि ते कुणाला सांगायची गरजही नसायची. संध्याकाळी तेच उलट्या बाजूनं. पीककर्जाच्या फायली, मोठ्या साहेबांचे फोन, 'माझं नाव यादीत का नाही' म्हणणारे काका, सगळे एकेक करत रस्त्यात उतरून जायचे. घरी पोचायचो तो नुसता भुकेला माणूस.

आता साहेबांचं शेवटचं वाक्य कानात असतं आणि हातात दाराची कडी असते. बायको एकदा म्हणाली, "तुम्ही बँकेतून येत नाही, बँक घेऊनच येता." खोटं नाही ते.

पिंगळीच्या दिवसांचं गोडगोड चित्र काढायचं नाहीये मला. काळी माती ज्यानं तुडवली नाही त्याला पावसाळ्यातली सायकल कळायची नाही. मोठा रस्ता उखडला होता म्हणून मी मधल्या पांदणीनं जायचो. जुलैत एक चांगला पाऊस झाला की त्या पांदणीत पन्नास पावलांत सायकल थांबायची. आपण थांबवायची गरजच नाही. माती टायरला धरते, टायर ती वर नेतो, मडगार्डखाली ती साचते, दाबली जाते, त्यात गवत आणि तुराट्यांचे तुकडे अडकतात, आणि चाक फिरायचंच बंद होतं. मग बाभळीची काडी मोडायची आणि मडगार्ड आणि टायरच्या फटीतून ती माती कोरून काढायची. आधी वरून, मग फोर्कच्या दोन्ही बाजूंनी, मग ब्रेकजवळून. काढलेला गोळा हातात घेतला तर वीट पाडता येईल असा. पुन्हा पन्नास पावलं. शेवटी शहाणा माणूस सायकल खांद्यावर घेतो. शेतातून येणारे लोक अशा वेळी फार गंभीर चेहऱ्यानं विचारायचे, "काय साहेब, आज सायकल तुमच्यावर बसली का?"

पाऊस सरला की काटे. बाभळीचा काटा परवडला, तो दिसतो तरी. सराटा दिसत नाही. रस्त्याकडेच्या धुळीत सराटे पडलेले असतात आणि सायकल जरा कडेला घेतली की टायरमध्ये दोन-चार बसतात. नवखा माणूस खाली उतरून काटा उपटतो आणि फुस्स करून सगळी हवा जाते. उपटायचा नाही. काटाच बूच म्हणून काम करत असतो. हवा हळूहळू जाते, पंप मारत मारत गाव गाठायचं. घरी घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, सोल्युशन लावायचं, आणि हो, आतून टायरवर बोट फिरवून काट्याचं टोक राहिलं नाही ना ते तपासायचं. नाहीतर उद्या पुन्हा तेच.

पण त्याच रस्त्यावर दिवाळीनंतर कापसाचे टेम्पो जिनिंगकडे निघाले की दोन्हीकडच्या बाभळींना कापूस लागायचा. खचाखच भरलेल्या टेम्पोला फांद्या ओरबाडतात आणि काट्यांवर पांढरे झुपके राहतात. जानेवारीत ज्वारी हुरड्याला यायची. कुणीतरी हात करून बोलवायचं, आणि उशीर झाला तरी कुठून झाला हे सगळ्यांना माहीत असायचं. थंडी म्हणाल तर परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या तुम्ही वाचता. आम्ही त्या हातमोज्यातून वाचल्या आहेत. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते उगाच नाही.

मग शहरातल्या शाखेत बदली झाली. सगळ्यांनी पेढे मागितले.

लोक अंतराकडे नुकसान म्हणूनच बघतात, त्याला माझा आक्षेप आहे. चेझारे मार्केटी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये मांडलं होतं की माणूस कुठल्याही काळातला असो, दिवसाकाठी साधारण तासभर जाण्यायेण्याला देतो. वाहनाचा वेग वाढला की त्याचा वेळ वाचत नाही, तो लांब राहायला जातो. दुसरं त्याहून मजेदार आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या नोकरदारांना विचारलं होतं, तुमच्या मते घर ते काम किती मिनिटं असावं? २००१ मध्ये छापून आलेलं त्याचं सरासरी उत्तर होतं सोळा मिनिटं. शून्य म्हणणारे अगदी मोजके निघाले. म्हणजे दाराला दार लावून नोकरी असावी, हे लोक बोलतात तेवढं त्यांना मनातून हवं नसतं. सायकलवर माझी चार मिनिटंही होत नाहीत. सोळा मिनिटांत मी असोला पाटीच्या वाटेला लागलेला असतो.

आणि म्हणून ती सकाळची फेरी. पहाटे निघतो, काळी कमान मागं टाकतो, खानापूर फाटा, असोला पाटी, आणि अंगात असेल तर राहाटीच्या पुलापर्यंत. पुलावरून पूर्णा नदीच्या बंधाऱ्यातलं पाणी किती उरलंय ते बघतो आणि परत. जाताना सूर्य थेट डोळ्यांत येतो. रस्ता राष्ट्रीय महामार्ग ६१, तिकडे कल्याण आणि इकडे निर्मल, त्यामुळे ट्रक भरपूर. कडेची पांढरी पट्टी सोडायची नाही हा एकच नियम. घरी येऊन आंघोळ, भाकरी, मग बँकेत चालत.

तरी खरं सांगू का, फेरी ती फेरीच. निघालो तिथंच परत येतो, पोचत कुठंच नाही. पिंगळीला ऊन असो, पाऊस असो, जावंच लागायचं, कारण तिथं कॅशची चावी माझ्याकडे असायची. राहाटीच्या पुलावर माझी वाट कुणी बघत नाही. रात्री पाहुणे आले, जाणं रद्द. चेन कुरकुरली, रद्द. आभाळ आलं, नुसतं आलं, तरी रद्द. सक्ती गेली की सायकल छंद होते आणि छंदाला सुट्टी फार लवकर मिळते. व्यायामाच्या बाबतीतही मला हेच पटतं. ब्रिटनमध्ये अडीच लाखांहून जास्त लोकांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात कामावर सायकलनं जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी दिसला. सायकलमुळेच तो कमी झाला, असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही हे मलाही कळतं. पण ते लोक कामावर जात होते, माझ्यासारखे आभाळ बघून परत झोपत नव्हते.

म्हणून मी फेरीला काम लावलं. असोल्याजवळ एकाच्या गोठ्यावरून म्हशीचं दूध आणतो. हँडलला किटली अडकवून येताना खड्ड्यांनी दूध इतकं घुसळतं की घरी झाकण उघडलं की आतून लोण्याचे कण चिकटलेले असतात. बायको ते बोटानं काढून मुलीला देते आणि मला विचारते की गल्लीच्या तोंडाशी डेअरी असताना हा खटाटोप कशासाठी. पण दूध सांगून ठेवलं की जावं लागतं. न गेलं तर मालकाचा फोन येतो, "साहेब, आज काय झालं?" एवढी सक्ती मला पुरते.

आमच्या शाखेतल्या शिपाई मामांना मात्र हे सगळं सांगायची सोय नाही. ते खेड्यातून रोज जुन्या अ‍ॅटलसवर येतात, माझ्या पिंगळीएवढंच अंतर. मी एकदा सांगून बघितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग असं करा साहेब, घराची अदलाबदल करू. तुम्हाला सायकल भेटंल, मला झोप भेटंल." वसमत रोडला मला शाळेच्या मुलींचा घोळका भेटतो, सरकारच्या मानव विकास योजनेतल्या सायकलींवर. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना त्या योजनेत सायकल मिळते. त्यांच्यासाठी ते अंतर म्हणजे शाळा आहे किंवा नाही. तिथं माझं 'अंतर फारच कमी पडतं' हे दुखणं श्रीमंती चोचल्यात जमा होतं, हे मान्य. पण दुखणं आहे ते आहे.

लांब घर घ्या असंही सुचवतात. घेत नाही, कारण जवळ राहण्याचे फायदे मी रोज खातो, अक्षरशः. दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन तव्यावरची भाकरी मिळते. आणि आमच्याकडे नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. घरून फोन आला की मी काउंटरवर सहकाऱ्याला बसवून धावतो, मोटार लावतो, टाकी भरायला लागली की परत येतो. हे नऊशे मीटरमुळेच जमतं.

आता बदल्यांचा हंगाम आहे. विनंती अर्जात मी पहिलं नाव पेडगाव लिहिलंय, दुसरं झरी. मामा म्हणाले, "लोकं शहरात यायला वशिला लावायलेत अन् तुम्ही बाहेर जायला?" पेडगाव पहिलं लिहिण्यामागं हिशोब आहे. ते परभणीच्या पश्चिमेला, त्यामुळे सकाळी जाताना ऊन पाठीवर आणि संध्याकाळी येतानाही पाठीवर. पावसाळ्यात जाताना वारा तोंडावर घ्यावा लागेल, पण येताना तोच ढकलत आणील. घरी अजून बोललेलो नाही. नळाच्या दिवशी मोटार लावायला कोण येणार, हा प्रश्न पहिला येईल, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.