विजेत्याचा रकाना

फुटबॉलच्या डेटात काम करतो म्हटलं की लोकांना वाटतं, दिवसभर मॅच बघायचे पैसे मिळतात. मी ज्या मॅच भरतो त्या बघितलेलं आज कुणी हयातही नाही. जुने सीझन सिस्टीममध्ये चढवणं हे माझं काम. इटली माझ्याकडे आहे, आणि 1914-15च्या सीझनने माझा अख्खा दिवस खाल्ला.

उत्तर विभागाच्या अंतिम फेरीत चार संघ. मॅच एकूण बारा, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक-एक, म्हणजे टेबलाची बेरीज 24 यायलाच हवी. मी सगळ्यात आधी ही बेरीज बघतो. एखादी मॅच गळली की इथेच सापडते. (नवी पोरं हे करत नाहीत, सिस्टीमच्या हिरव्या टिकेवर विसंबतात.) बेरीज आली 20. जेनोआ 7, तोरिनो आणि इंटर 5-5, मिलान 3.

दोन मॅच झाल्याच नव्हत्या. रविवार, 23 मे 1915ला जेनोआ-तोरिनो आणि मिलानची डर्बी, म्हणजे मिलान-इंटर, ठरलेली होती. त्याच दिवशी इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि फेडरेशनने स्पर्धा थांबवली. जेनोआला बरोबरी पुरेशी होती, पण ह्याच तोरिनोने आधीच्या मॅचला त्यांना 6-1 धुतलं होतं. तोरिनो आणि इंटर दोघेही जिंकले असते तर तिघांचे सात-सात गुण झाले असते.

बरं, उत्तरेचा विजेता म्हणजे देशाचा विजेता नव्हेच. त्याची फायनल मध्य-दक्षिणेच्या विजेत्याशी व्हायची. मध्य विभागात लाझिओ पहिला होता; दक्षिणेत नेपल्सच्या दोन क्लबांचे निकाल खेळाडूंच्या नोंदणीवरून बाद झाले होते, म्हणून तिथला विजेता ठरलाच नव्हता. युद्धानंतर किताब जेनोआला देऊन टाकला. लाझिओवाले शंभर वर्षांनीही त्यात वाटा मागतात. कागदावर त्यांचं म्हणणं मला पटतं. मैदानावरचं सांगायचं तर आदल्या वर्षीच्या फायनलला कासालेने त्यांना 7-1 हरवलं होतं.

आता हे भरायचं कसं? मॅचच्या ड्रॉपडाउनमध्ये पर्याय तीन: पोस्टपोन्ड (पुढे ढकलली), अबॅन्डन्ड (सुरू होऊन मध्येच थांबली), वॉकओव्हर (समोरचा आलाच नाही). पोस्टपोन्ड टाकलं की सीझन बंद होत नाही, आणि सीझन बंद झाल्याशिवाय विजेता टाकता येत नाही. वर जेनोआची होम मॅच निवडताच मैदानाच्या रकान्यात 'लुइजी फेर्रारिस' आपोआप आलं. फेर्रारिस जेनोआचा खेळाडू. त्या रविवारी तो जिवंत होता. ऑगस्टमध्ये आघाडीवर मारला गेला, आणि मैदानाला त्याचं नाव 1933मध्ये दिलं. मी ते खोडून 'मरास्सी' (मैदान ज्या भागात आहे त्याचं नाव) लिहिलं, सेव्ह केलं, की पुन्हा फेर्रारिस.

आमच्या टीमचा लीड म्हणाला, "अरे, जेनोआला वॉकओव्हर दे आणि मोकळा हो."

"सर, वॉकओव्हर म्हणजे तोरिनो आलाच नाही असं होतं."

"1915चं कोण विचारायला येतंय?"

जेनोआवाले येतील ना! क्लबचे किताब नऊ, दहावा मिळाला की जर्सीवर तारा. त्यांच्याइतकं मोजून बसलेलं दुसरं कुणी नसेल.

संध्याकाळी लीडने त्या दोन मॅच डिलीटच केल्या. दहा मॅच, वीस गुण, हिरवी टिक, विजेता जेनोआ. खाली मी टीप टाकली: शेवटची फेरी झाली नाही, राष्ट्रीय फायनल झाली नाही, किताब नंतर बहाल केला. मोबाईलवर ती टीप दिसतच नाही. सिस्टीममधल्या तक्रारीचं टिकिट मी पुन्हा उघडलंय, ह्या वेळी थेट ॲपवाल्यांच्या नावावर.