गेममध्ये मजा आलीच पाहिजे असं कुणी सांगितलंय?

आमच्या कोल्हापुरातल्या शाळेच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राजकारण बंद केल्यापासून भांडायला दोनच विषय उरलेत, एक फुटबॉल आणि दुसरा गेम. फुटबॉलवर मी बोलत नाही, कारण ग्रुपात दोन पेठांची पोरं आहेत आणि मला दोन्हीकडं जेवायला जावं लागतं. पण मागच्या आठवड्यात एकानं टाकलं की बाबांनो, जी खेळून मजा येत नाही ती गेमच नव्हे, दिवसभर साहेबाचं ऐकून डोकं उठलेलं असतंय, घरी येऊन गेममध्ये पण रडायचं व्हय? धडाधड अंगठे आले त्याला. मी तिथं काही लिहिलं नाही, कारण लिहायला लागलो की थांबत नाही, म्हणून इथं लिहितोय.

वरवर बघितलं तर त्याचं बरोबरच आहे. पैसे देऊन आणि झोप मोडून वैताग कोण विकत घेईल. पण ज्या गेम मजेच्या म्हणून सगळे खेळतात, त्या खेळताना माणसाचं तोंड कधी बघितलंय का? माझा मावसभाऊ कॉलेजला आहे, ती शंभर जण उतरतात आणि शेवटी एक टीम उरते तसली गेम खेळतो (नाव सांगत नाही, कळलंच असेल). रात्री जेवण झालं की रँक पुश करायला, म्हणजे क्रमवारीत वर चढायला बसतो, कपाळाला आठ्या, कानात हेडफोन, टीममधल्या कुणाला तरी आईबहिणीवरनं चाललेलं. एकदा सहज विचारलं, मजा येते का रे? तर म्हणाला, 'मजा कसली दादा, सीझन संपायला चार दिवस हाईत आणि मिशनं ऱ्हायल्यात.' म्हणजे बघा, रोज लॉगिन केलं तर बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली, जादा बक्षिसांचा पास विकत घेतलाय तर तो वसूल करायचा, आणि पोरगं कंपनीत कार्ड पंच केल्यासारखं रोज हजर. यात मजा कुठल्या कोपऱ्यात आहे मला दाखवा. पण 'ह्या गेमचा उपयोग काय' हे त्याला कुणी विचारत नाही, तो प्रश्न कायम त्या बिचाऱ्या दुःखी गेमांनाच.

आता माझं सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओततात त्या कारखान्यात, क्वालिटीला (क्यूसीत) आहे. काम म्हणजे कास्टिंग (ओतलेला भाग) आलं की गेज लावून माप बघायचं, ब्लो होल, म्हणजे हवेनं पडलेलं भोक आहे का बघायचं, हीट नंबर (धातू कुठल्या वितळणीतला तो नंबर) जुळतोय का बघायचं, आणि ओके नाहीतर रिजेक्ट. आणि घरी येऊन मी सगळ्यात जास्त खेळलोय ती गेम म्हणजे 'पेपर्स, प्लीज'. लुकास पोप नावाच्या माणसानं जवळजवळ एकट्यानं बनवलेली, २०१३ सालची. आर्स्टोट्झ्का नावाचा एक काल्पनिक देश, साल १९८२, आणि आपण त्याच्या सरहद्दीच्या नाक्यावर पासपोर्ट तपासणारा सरकारी नोकर. समोर माणूस येतो, कागद ठेवतो, आपण तारीख बघायची, शहराचं नाव बघायचं, फोटो जुळतोय का बघायचं आणि हिरवा नाहीतर लाल शिक्का मारायचा, एवढंच. बायको एकदा मागं उभी राहून बघत होती, म्हणाली, 'अहो, कंपनीत दिवसभर हेच करतासा न्हवं, मग घरात येऊन परत तेच?'

तिला मी टेबल दाखवलं. त्या गेममधलं टेबल मुद्दाम एवढंसं दिलंय की पासपोर्ट, परमिट आणि नियमांची वही एका वेळी नीट मांडताच येत नाही, एक बघायला दुसरं सरकवावं लागतं, आणि नियम रोज वाढतात. पगार माणसामागं, म्हणजे जेवढे जास्त तपासाल तेवढे पैसे. घाई केली की चूक होते आणि चूक झाली की बाजूच्या मशीनमधनं खर्रर्र करत चिठ्ठी बाहेर येते. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती वॉर्निंग, तिसरीपासनं पगार कापला. संध्याकाळी हिशोब, भाडं, जेवण, घर गरम ठेवायचं बिल, आणि घरात बायको, मुलगा, सासू आणि एक काका.

मग एक दिवस एक नवरा येतो, त्याचे कागद ओके. जाता जाता म्हणतो, माझ्या मागनं बायको येतेय, तिच्याशी जरा चांगलं वागा. बायको येते, तिच्याकडं प्रवेशाचं परमिटच नाही, आणि परत गेले तर मला मारतील म्हणते. तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? 'आजच्या वॉर्निंगा किती शिल्लक आहेत?' एक शिल्लक होती म्हणून सोडली तिला. नसती तर? खरं सांगतो, माहीत नाही. माझी माणुसकी कोट्यावर चालते हे मला त्या खर्रर्र वाजणाऱ्या मशीननं दाखवलं, आणि ते कुठल्या सिनेमानं दाखवता आलं नसतं, कारण सिनेमात शिक्का दुसऱ्याच्या हातात असतो, आपण खुर्चीत बसून 'अरे सोड की तिला' म्हणायला मोकळे. क्यूसीतल्या माणसाला हे जरा जास्तच लागतं. महिनाअखेरीला डिस्पॅचवाल्याचा फोन आला की रिजेक्टचं ओके कसं होतं ते कुठल्याही कंपनीतल्या क्यूसीवाल्याला विचारा, तो हसेल आणि विषय बदलेल.

ह्यात मजा आली का? शिक्का मारायचा जो खट्ट आवाज आहे त्यात थोडी येते, खोटं कशाला बोलू. पण मी रात्री बारापर्यंत बसलो ते त्यासाठी नाही.

'धिस वॉर ऑफ माइन' आणखी वेगळी. २०१४ ची, पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजची. युद्धाच्या गेममध्ये आपण कायम सैनिक असतो, इथं आपण शहरात अडकलेली साधी माणसं, दिवसा घर सांभाळायचं, रात्री एकानं बाहेर पडून औषध, लाकूड, खायचं काय मिळेल ते आणायचं. १९९२ ते १९९६ सारायेवोला जो वेढा पडला होता त्यावरनं ती सुचलीय. त्यात एका म्हाताऱ्या जोडप्याचं घर आहे, फ्रिजमध्ये खायला आहे, कपाटात औषधं आहेत, आणि ती दोघं आपल्याला अडवत नाहीत. हातात काठीसुद्धा घेत नाहीत. घ्यायचं तर घ्या. घेतलं की आपलं माणूस घरी येऊन खचतं, आणि पुन्हा कधी त्या घरात गेलात तर ती दोघं गेलेली असतात. मी ही गेम खेळलो ती २०१९ च्या पुरानंतर. ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, दूध नाही, पेट्रोल नाही, आणि सगळीकडं पाणीच पाणी असून नळाला पाणी नाही कारण उपसा केंद्रंच बुडालेली. आमचं घर राजारामपुरीत, उंचावर, प्रयाग चिखलीची मावशी घरदार सोडून आमच्याकडं आलेली. टँकर आला की रांगेत कुणी चार-चार कॅन भरतंय आणि मागं एक म्हातारी एक कळशी घेऊन उभी, आणि कॅनवाला वाईट माणूस होता असं पण नाही, त्याच्या घरी बारा माणसं. तर ती गेम खेळताना मला 'बापरे युद्ध काय भयंकर' वगैरे झालं नाही, मला तो कॅनवाला कळला. पोलंडच्या सरकारनं २०२० मध्ये ही गेम शाळेच्या पूरक वाचनाच्या यादीत घालायचं जाहीर केलं. आपल्याकडं शाळेत मोबाईल सापडला तर बापाला बोलावतात.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल ह्याला जे रडकं ते सगळं थोर वाटतं. तसं अजिबात नाही. 'स्पेक ऑप्स: द लाइन' (२०१२) लोक डोक्यावर घेतात, वाळूत गाडलेली दुबई, अमेरिकन सैनिक, आणि एका ठिकाणी आपल्याकडनं पांढऱ्या फॉस्फरसचा, म्हणजे माणसं जाळणाऱ्या दारूगोळ्याचा मारा करून घेतात, नंतर धूर निवळल्यावर कळतं की खाली साधी माणसं होती. धक्का बसतो हे मान्य. पण दुसरा रस्ताच दिलेला नाही! मी दहा मिनिटं बंदुकीनं पुढं जायचा प्रयत्न केला, शत्रू संपतच नाहीत, शेवटी तेच बटण दाबावं लागतं, आणि मग गेम मलाच विचारणार की काय, वाटतंय का हिरो झाल्यासारखं? अरे तूच दाबायला लावलंस की. बाजू घेणारे म्हणतात गेम बंद करायचा पर्याय होताच, पण बाराशे रुपये तू परत देणार काय भावा. 'पेपर्स, प्लीज'मध्ये लाज वाटली ती माझी होती, इथली त्यांनी लादलेली. नुसतं उदास वातावरण केलं, पाऊस पाडला, पियानो लावला म्हणून गेम मोठी होत नाही, अशा गेम मी अर्ध्यात सोडल्यात आणि तुम्ही पण खुशाल सोडा.

कंटाळ्याची पण एक गंमत सांगतो. पेन आणि टेलर ह्या अमेरिकन जादूगारांच्या जोडीनं १९९५ च्या सुमारास एक गेम करून घेतली होती, 'डेझर्ट बस' त्यातलाच एक भाग. अमेरिकेतल्या टक्सन शहरापासनं लास व्हेगासला बस न्यायची, खऱ्या वेळात, म्हणजे आठ तास. रस्ता सरळ, बाहेर वाळवंट, पॉज नाही, आणि बस सारखी थोडी उजवीकडं ओढते म्हणून स्टिअरिंग सोडून चहाला पण जाता येत नाही. पोचलात की एक पॉइंट. मग परत यायचं. तेव्हा तिकडं गेममधल्या हिंसेवर नेतेमंडळी लई बोंबलत होती, त्यांची खोड काढायला केलेली ती. गेम बाजारात आलीच नाही, पण नंतर कॉपी बाहेर पडली आणि २००७ पासनं काही लोक दरवर्षी ती तासन्‌तास खेळून पोरांच्या मदतीसाठी लाखो डॉलर गोळा करतात. आमच्याकडं कोल्हापूर-पुणे हायवेचं काम चालू असल्यानं ही गेम वेगळी घ्यायची गरज नाही.

'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' बद्दल थोडंच लिहितो. रायन आणि एमी ग्रीन ह्या नवराबायकोनं आपल्या जोएल नावाच्या मुलाच्या आजारपणावर केली, तो २०१४ मध्ये गेला आणि गेम २०१६ मध्ये आली. दवाखान्यातल्या खोलीत पोर रडतंय आणि आपण काय पण केलं तरी थांबत नाही, असा एक प्रसंग आहे. गेम म्हटलं की कुठलं तरी बटण बरोबर असतंच असं आपल्या हाताला वळण लागलेलं असतं, त्यामुळं आपण दाबत राहतो. ज्यांच्या घरात लहान पोर आजारी आहे त्यांनी उघडू नका.

(कोल्हापूरचा माणूस म्हणजे आता तालमीचं उदाहरण देणार, जोर-बैठका मारताना कुठं मजा येते वगैरे, असं वाटलं असेल तर नाही देत. सगळे देतात.)

मला खरं पाहिजे ती गेम अजून कुणी केलेली माझ्या बघण्यात नाही. 'राजी' नावाची देखणी गेम २०२० मध्ये पुण्याच्या पोरांनी करून दाखवली, म्हणजे हात आहेत आपल्याकडं. मग ऊसतोडीवर का नको? दिवाळीच्या आसपास गाव सोडायचं, मजूर नेणाऱ्या मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली. नवराबायको मिळून हिशोबाला एकच 'कोयता' धरला जातो, म्हणजे एक आजारी पडला तर दुसऱ्याचा हिशोब पण अडला. रोज किती टन तोडला त्यावर उचल फिटत जाणार, खाडा झाला की पैसे कापणार, गाडी रात्री दोनला आली तर उठून भरायची. पोरगी पाचवीत, तिला गावात आजीकडं ठेवलं तर शाळा होते पण आजीला पैसे पाठवायला पाहिजेत, फडावर आणली तर धाकट्याला सांभाळायला माणूस मिळतं आणि शाळा बुडते. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याला ताप, दवाखाना कारखान्याच्या गावात, आणि मुकादम म्हणतोय आज खाडा नको. सीझन संपताना उचल फिटलीच नाही तर पुढच्या वर्षाला तीच बाकी घेऊन सुरुवात, म्हणजे 'न्यू गेम' दाबलं तरी शून्यापासनं नाही, मायनसपासनं.

मला कोडिंग येत नाही. कुणी करणार असेल तर टेस्टिंगला मी फुकट येतो, रिजेक्ट करायचा अनुभव भरपूर आहे.