इंट आणि इंटिजर एक नाहीत

आज अख्खी दुपार एका कन्स्ट्रक्टरमागे (क्लासपासून ऑब्जेक्ट तयार करणारा कोड) गेली. जावात रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना नावावरून शोधून, क्लास मस्त लोड होत होता पण गेटकन्स्ट्रक्टर केलं की नोसचमेथडएक्सेप्शन, म्हणजे ‘असं काही सापडलं नाही’ हा एरर, आणि कन्स्ट्रक्टर तर समोर डोळ्यांना दिसतोय! शेवटी कळलं, तो घेतो साधा इंट, म्हणजे नुसती पूर्णांक संख्या, आणि मी शोधत होते इंटिजर डॉट क्लास देऊन, म्हणजे तीच संख्या ऑब्जेक्टमध्ये गुंडाळणारा टाइप देऊन. एरवी न्यू लिहिलं की कंपायलर बॉक्सिंग-अनबॉक्सिंग करून, म्हणजे एकाचं दुसऱ्यात आपोआप रूपांतर करून, सांभाळून घेतो, इथे टाइप तंतोतंत जुळावा लागतो. ते बदललं तरी तोच एरर, कारण कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट (क्लासच्या बाहेरून वापरता न येणारा) होता आणि गेटकन्स्ट्रक्टर फक्त पब्लिक शोधतं, मग प्रायव्हेटही शोधणारं गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर वापरलं, वर सेटअ‍ॅक्सेसिबल ट्रू, म्हणजे प्रायव्हेट असला तरी वापरू दे. आणि हो, ऑब्जेक्ट तयार करायचं क्लासवरचं जुनं न्यूइन्स्टन्स जावा ९ पासून डेप्रिकेटेड (वापरू नका असं सांगितलेलं) आहे, तेही आजच काढून टाकलं. ऑब्जेक्ट तयार झाला तेव्हा इतका आनंद झाला की शेजारच्या डेस्कवरच्या ताईला बोलावून दाखवला.