२.५१२ च्या मागचा माणूस

ताऱ्याची प्रत, म्हणजे तो किती तेजस्वी दिसतो त्याचं माप, शिकवताना फळ्यावर २.५१२ हा आकडा लिहिला की शेजारी मी नॉर्मन पॉगसन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचं नावही लिहितो. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट उजेड, म्हणून एका प्रतीला २.५१२ पट. हे माप त्यानं १८५६ साली सुचवलं ते लघुग्रहांच्या कामात. १८५७ च्या दर महिन्याच्या एक तारखेला छत्तीस लघुग्रह किती तेजस्वी असतील, याचं कोष्टक तो मांडत होता. आज सगळ्या ताऱ्यांची प्रत याच मापानं ठरते.

१८६१ साली तो मद्रासच्या वेधशाळेत आला आणि १७ एप्रिलला त्याला नवा लघुग्रह सापडला. आशिया खंडातून लागलेला हा पहिलाच, म्हणून नावही 'आशिया'. मद्रासमधूनच पुढे सॅफो, सिल्व्हिया, कॅमिला आणि १८८५ मध्ये व्हेरा.

हे सगळं दुर्बिणीला लावलेल्या नुसत्या डोळ्याच्या भरवशावर. दुर्बिणीत दिसेल तो तारा नकाशाशी ताडायचा, नकाशात नसलेला ठिपका टिपून ठेवायचा, दुसऱ्या रात्री पुन्हा बघायचा. जागचा हलला तर लघुग्रह. यात काय कष्ट आहेत ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. परभणीकडच्या आमच्या गावात उन्हाळ्यात लेकरं माळवदावरच झोपतात. वेस्टा हा लघुग्रह बायनॉक्युलरमधून दिसण्याजोगा होता तेव्हा नववीच्या लेकरांना आलेखाच्या कागदावर त्या भागातल्या चांदण्या काढायला लावल्या. ठळक चांदणीला मोठा ठिपका, बारकीला लहान. लाईट गेलेली, त्यामुळं आभाळ स्वच्छ. दोन-तीन रात्रींनी एक पोरगी घामानं ओला झालेला कागद पुढं करून म्हणाली, "सर, ही चांदणी परवा हितं नव्हती की!" तिनं जुना ठिपका तसाच ठेवून नव्याकडं बाण काढला होता. तो कागद मी प्रयोगशाळेत लावलाय.

त्याच पोरीला मी पॉगसनच्या लेकीचं, इसिसचं सांगितलं. १८७३ पासून ती वडिलांच्या हाताखाली मद्रासला गणनेचं काम करायची, पगार दीडशे रुपये. १८८६ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी या खगोलशास्त्रज्ञांच्या संस्थेसाठी तिचं नाव सुचवलं गेलं, पण बाई म्हणून अडलं. सभासदत्व मिळालं १९२० साली, तेव्हा ती सत्तरीला टेकली होती. मला याचा आजही राग येतो. पोरीनं विचारलं, "मग तिनं काम सोडलं का?" नाही सोडलं. १८९१ मध्ये वडील वारले, त्यानंतरही ती त्याच वेधशाळेत राहिली.